मागाहून

"तू हो पुढे, मी येते मागाहून."

लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य बहुतेक हेच असेल. घरातून निघताना म्हणते, कारण गॅस बंद झालाय का ते मलाच बघायचं असतं. डोंगरात म्हणते, कारण तिथे हा कायम पुढे असतो.

आमची ओळखच मुळी डोंगरातली. नव्वदच्या दशकात एका ग्रुपबरोबर राजगड ते तोरणा केला, तेव्हा हा लीडर होता आणि मी शेपटाला. चित्र अजून तेच आहे, फक्त तेव्हा शेपटाला आणखी पाच-सहा जण असायचे, आता मी एकटीच असते. निळी सॅक, तिच्या उजव्या पट्ट्याला मी घातलेली दाभणाची टीप, मानेवर उन्हाने रापलेली एक पट्टी. त्याची पाठ मला पाठ आहे.

जो पुढे चालतो त्याच्या बाजूने एक गोष्ट कायम घडते, आणि ती त्याला कधीच कळत नाही. हा वळणावर पोचतो, सॅक टेकवतो, पाणी पितो, शेंगदाण्याची चिक्की खातो, दरीकडे बघत बसतो. दहा मिनिटांनी मी धापा टाकत पोचते. हा म्हणतो, "आलीस? चल." आणि उठतो. म्हणजे ज्याला दम लागलेला नाही त्याची विश्रांती होते आणि जिला लागलाय तिची होत नाही. यावरून आम्ही कितीदा भांडलोय. "अगं मग बस ना, कोण नको म्हणतंय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. पण समोरचा उभा राहून सॅकचे पट्टे ओढायला लागला की बसवत नाही. बसलं तरी ते बसणं अंगी लागत नाही.

मुलगी शिकायला परगावी गेली आणि घरात दोघंच उरलो, त्या वर्षी ह्याने पेरूचा नकाशा काढला. "हिमालय संपला का?" असं लोकांनी विचारलं. संपला कुठला, दोन-तीन ट्रेक झाले होते, तेही साडेचार हजार मीटरच्या आतले. पण ह्याला औसांगाते दिसला होता. तिथल्या कुस्को शहराच्या आग्नेयेला ६,३८४ मीटरचा एक पांढराशुभ्र डोंगर, आणि त्याच्या भोवती पाच-सहा दिवसांची, साधारण ७० किलोमीटरची प्रदक्षिणा. 'प्रदक्षिणा' हा शब्द ऐकून मी विरघळले. शिखरबिखर नाही, नुसतं भोवती फिरायचं. वाटेतली सगळ्यात उंच खिंड ५,२०० मीटरची आहे, हे मला पिवळ्या तापाची लस टोचून झाल्यावर सांगण्यात आलं. (ती लस लागते. त्या देशांतून परतताना भारतात तिचा दाखला मागतात.)

कुस्को ३,४०० मीटरवर आहे. कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि तिथे विमान थेट उतरतं. सामान उचलून दहा पावलं गेलो तर कुणी छातीवर बसल्यासारखं वाटलं. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, हवाच विरळ. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर मी आठवणीने आणला होता. पहिल्या संध्याकाळी माझा आकडा ८८, त्याचा ८९. याच यंत्रावर २०२१च्या एप्रिलमध्ये सासूबाईंचा आकडा ९३ झाला तेव्हा आम्ही रात्रभर फोन फिरवत बसलो होतो. इथे ८९वर हा म्हणाला, "फर्स्ट क्लास."

डॉक्टरांनी आम्हा दोघांना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सच्या गोळ्या दिल्या होत्या. मी निमूटपणे घेतल्या. बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं आणि सोडा प्यायला तर तो शिळ्या पाण्यासारखा लागतो. ह्याने गोळ्या सॅकच्या तळाशी ठेवल्या. "मी लागली तर घेईन," म्हणाला. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला गोळी कशाला लागेल? पण विरळ हवा सोसण्याचा आणि सिंहगड किती मिनिटांत चढता याचा काही संबंध नसतो. उलट, धडधाकट माणसं भराभरा वर जातात आणि कधीकधी तीच आधी आडवी होतात. हे मी वाचलं होतं. त्याला वाचूनही दाखवलं होतं.

कुस्कोत माझा जीव रमला तो सान पेद्रोच्या मंडईत. एका बाईच्या टोपलीत राजगिऱ्याच्या लाह्यांच्या वड्या होत्या. लाडू नव्हते, चौकोनी वड्या होत्या, पण चव तीच, जीभ आणि टाळूमध्ये चिकटणंही तेच. तिथे राजगिऱ्याला 'किविचा' म्हणतात. पुढच्या गाळ्यावर शेंगदाणे. त्यापुढे बटाटे, आणि ते किती प्रकारचे! जांभळे, काळपट, गुलाबी डोळ्यांचे, अननसासारखे खवल्याखवल्यांचे. अँडीजच्या डोंगररांगेत बटाट्याचे चार हजारांवर देशी वाण आहेत. मग रताळी, मिरच्या, आणि पलीकडे कसाव्हाचे कंद, ज्यांचा आपण साबुदाणा करतो. मी मधेच उभी राहून हसायला लागले. माझ्या आजीची आषाढी एकादशीची सगळी पाटी माझ्यासमोर मांडून ठेवली होती. ती लसूण-कांद्याला शिवायची नाही, उपासाला परकं काही चालायचं नाही. आणि तिची साबुदाण्याची खिचडी, तिच्यातला बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, सगळं समुद्र ओलांडून आलेलं. शिवाजी महाराजांच्या दीडशे वर्षं आधी यातलं काहीही आपल्याकडे नव्हतं. आजीला हे सांगितलं असतं तर तिने शांतपणे म्हटलं असतं, "मग त्या लोकांनाही पांडुरंग पावला असेल."

माचू पिचू पाहिलं. सुंदर आहे, गर्दी आहे, आणि पावसाळ्यात राजगडच्या संजीवनी माचीवरून दिसतं ते मला जास्त आवडतं, एवढं बोलून मी गप्प बसते. पण इथे एक गोम आहे. माचू पिचू २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. तिथे ह्याला एकदम तरतरी आली. पायऱ्या पळत चढला. "बघ, झालो मी सेट," म्हणाला. उतरल्यामुळे बरं वाटतंय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

कुस्कोहून तीन तास बस, मग तिंकी गाव. तिथून चालायला सुरुवात. सोबत साठीचा एक आरिएरो, म्हणजे घोडेवाला, त्याचा पुतण्या, सामानाचे दोन घोडे आणि एक रिकामा. रिकामा कशाला, असं विचारल्यावर आरिएरोने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खांदे उडवले.

जून तिथला हिवाळा. आकाश निळंभोर, रात्री कडाक्याची थंडी. गावाबाहेरच्या माळावर बटाटे पसरलेले दिसले. मला वाटलं विकायला ठेवलेत. ते 'चुन्यो' होतं. रात्री थंडीने बटाटा गोठून कडक होतो, दिवसा उन्हाने मऊ पडतो, मग बायका-माणसं अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात. असं काही दिवस केलं की उरतो काळा, हलका, खडखडीत गोळा, तो वर्षानुवर्षं टिकतो. आमच्या गच्चीवर मे महिन्यात बटाट्याचा कीस वाळायचा, तेव्हा आम्ही पोरं राखणीला बसायचो. इथेही एक पोरगं काठी घेऊन बसलं होतं. वाळवणाला ऊन लागतं हे ठाऊक होतं. बर्फही लागू शकतं हे नवीन. संध्याकाळी सुपात तो चुन्यो आला. खरं सांगायचं तर आवडला नाही. ओल्या मातीसारखा लागतो.

पहिला मुक्काम उपिसला, ४,४०० मीटरवर. गरम पाण्याचे झरे आहेत, समोर औसांगातेची भिंत. ह्याचं डोकं दुखत होतं, पण 'उन्हामुळे'. दुसऱ्या दिवशी आरापाची खिंड, सुमारे ४,८५०. पिवळं, टोचरं गवत, दूरवर विकुन्यांचा, म्हणजे लामाच्या रानटी भावंडांचा कळप. मी माझ्या चालीने चालत होते. चाल म्हणजे काय, चार पावलं आणि एक श्वास, मग तीन पावलं आणि एक श्वास. आरिएरो मागे वळून म्हणायचा, "देस्पासियो." हळू. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझीच चाल ठेवायला सांगत होतं.

तासाभराने लक्षात आलं की समोर निळी सॅक नाहीये.

मागे पाहिलं. हा खाली, बराच खाली, काठीवर रेलून उभा. मी खिंडीत पोचले, दगडांच्या राशीशेजारी बसले, पाणी प्यायले. राजगिऱ्याची वडी काढून खाल्ली. समोर बर्फ, पायथ्याशी हिरवं तळं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. चोवीस वर्षांत असं मिळालं नव्हतं: आधी पोचणं, बसणं, आणि कुणीतरी धापा टाकत येताना पाहणं. वीस मिनिटांनी हा आला. आणि माझ्या तोंडून निघालं, "आलास? चल."

उठलेसुद्धा. पट्टे ओढले. मग त्याचा चेहरा पाहिला. ओठ निळसर, डोळे खोल गेलेले, आणि तो काही न बोलता माझ्यामागून यायच्या तयारीने उभा. मी सॅक उतरवली आणि पुन्हा खाली बसले. तोही बसला. बोलायला श्वास नव्हता, म्हणून भांडणही झालं नाही. आरिएरोने रिकामा घोडा पुढे आणला. ह्याने मान हलवली. नाही.

त्या रात्री औसांगातेकोचा तळ्याकाठी तंबू होता, ४,६०० मीटरच्या वर. पाणी तिथे ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भात नुसत्या पातेल्यात नीट शिजत नाही. पुतण्याने घोड्याच्या पाठीवरून चक्क प्रेशर कुकर काढला. पण त्याला शिट्टी नाही, तो नुसता सतत फुसफुसत राहतो. किती शिट्ट्या झाल्या हे मोजता येईना, मला उगाच बेचैन व्हायला लागलं. भात मऊ झाला. ह्याने दोन घास खाल्ले आणि बाहेर जाऊन ओकला.

ऑक्सिमीटर ७४. माझा ८३.

रात्री तंबूत मी जागी होते. त्याचा श्वास जोरजोरात चालायचा, मग हळू, आणखी हळू, मग बंद. मी मोजायची. एक, दोन, तीन… आठ, नऊ, दहा. मग एक खोल ओढ, बुडालेला माणूस वर यावा तशी, आणि पुन्हा सुरू. उंचीवर झोपेत असं होतं, हे मला माहीत होतं: प्राणवायू कमी म्हणून शरीर भराभरा श्वास घेतं, त्यात कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूला वाटतं आता श्वासाची गरज नाही, आणि तो थांबतो. माहिती होती, पण माहितीचा रात्री दोन वाजता काय उपयोग? प्रत्येक बंद श्वासाला मी पुढच्याची वाट पाहत होते. ह्याने आजवर डोंगरात माझी वाट पाहिली त्याचे तास मोजले तर बरेच भरतील. पण तो वाट पाहताना चिक्की खात होता.

सकाळी मी पहिल्यांदा लीडर झाले. "आज मुक्काम इथेच. गोळी घे. दुपारपर्यंत बरं वाटलं नाही तर खाली." तो काही म्हणाला नाही, यावरून समजावं. मग जमिनीवर एक दोरी टाकली आणि त्याला तिच्यावरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. तोल गेला तर दुखणं मेंदूपर्यंत पोचलंय असं समजायचं आणि असेल त्या अवस्थेत खाली न्यायचं. हा सरळ चालला. शेवटी वळून सर्कशीतल्यासारखं वाकून दाखवलं. मला रडू आलं, ते मी शेंबडावर खपवलं.

त्या रिकाम्या दिवशी आरिएरो आमच्यापाशी येऊन बसला. कापडाच्या बटव्यातून कोकाची पानं काढली. त्यातली तीन चांगली निवडली, पंख्यासारखी धरली, डोंगराकडे तोंड करून त्यांच्यावर हळूच फुंकर घातली. डोंगर म्हणजे 'आपू', मालक, घरातला वडीलधारा. मग आम्हाला पानं दिली, दोन्ही हातांनी. सोबत राखेच्या वडीचा एक तुकडा, ल्लिप्ता. पानाबरोबर हा चिमूटभर चघळला की पान लागतं. विड्याला चुना. आमचे आजोबाही बटवा असाच उघडायचे, आणि पान देताना असाच दुसरा हात कोपराला लावायचे. (ही पानं पेरूत कायदेशीर आहेत, आपल्याकडे अजिबात नाहीत, कुणी आठवण म्हणून आणायला जाऊ नका.)

त्याने हातवाऱ्यांनी सांगितलं की पलीकडच्या दरीत दरवर्षी मे-जूनमध्ये मोठी यात्रा भरते. कोयूर रिती. हजारो माणसं नाचत-गात चालत जातात. अस्वलाचा वेष केलेले उकुकू पूर्वी हिमनदीवरून बर्फाच्या लाद्या पाठीवर आणायचे, ते पाणी तीर्थ म्हणून घरोघरी जायचं. आता आणत नाहीत. हिमनदी मागे सरकत चालली आहे, म्हणून त्यांनीच थांबवलं. त्याने समोरच्या बर्फाच्या खाली काळ्या दगडाचा एक पट्टा बोटाने दाखवला आणि स्वतःच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरला. तो एवढा होता तेव्हा बर्फ तिथपर्यंत होतं.

संध्याकाळी आकडा ८१ झाला. ह्याने भात मागून घेतला.

पालोमानी ही वाटेतली सगळ्यात उंच खिंड. तिथे मी पुढे होते, हा मागे, पुतण्या आणि घोडा त्याच्या मागे. ५,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. लाल माती, सैल दगड, डावीकडे हिमनदी इतकी जवळ की तिचं कडकड वाजणं ऐकू येत होतं. दर वळणावर मी थांबले. तो आला की बसून राहिले. तो बसला, त्याचा श्वास खाली आला, त्याने पाणी प्यायलं, मग तो म्हणायचा, "निघूया." तेव्हाच उठले. तीन तास लागले. खिंडीत आम्ही राशीवर एकेक दगड ठेवला. घोड्यावर तो बसला नाहीच, पण घोड्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभा होता.

उतारावर तो एकदम म्हणाला, "तू डावा पाय बाहेर टाकतेस. माहितीये तुला?"

"नाही."

"टाकतेस. आणि चढ आला की आधी थांबतेस, मान वर करून पूर्ण बघतेस, मग चालायला लागतेस. मला वाटायचं तू फोटो काढायला थांबतेस."

चोवीस वर्षांत तो मला चालताना असा सलग कधी पाहू शकला नव्हता. पाच्चान्ता गावच्या गरम झऱ्यात गळ्यापर्यंत बुडून बसलो होतो, तेव्हाही तो अधूनमधून माझ्या पायाकडे बघत होता.

पुढे टिटिकाका सरोवराच्या काठाकाठाने बसने बोलिव्हियात गेलो. उयुनीचं मिठाचं वाळवंट पाहिलं, त्याचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, ते तसंच आहे. मला सांगायचंय ते ला पाझमधलं. तिथल्या मुरियो चौकात संसदेच्या इमारतीवर उलटं फिरणारं घड्याळ दिसलं. काटे उजवीकडून डावीकडे. २०१४ साली मुद्दाम तसं केलं. दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली तशीच फिरते. आम्ही जिथे उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाई आयमारा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. घड्याळावरून बोलणं निघालं तेव्हा त्यांनी सांगितलं, आमच्या भाषेत 'नायरा' म्हणजे डोळा, 'नायरा' म्हणजे समोर, आणि 'नायरा' म्हणजेच होऊन गेलेलं. 'किपा' म्हणजे पाठीमागचं, आणि येणारं. बोलता बोलता आजोबांच्या काळाविषयी सांगताना त्यांनी हात पुढे केला, आणि नातवाच्या लग्नाविषयी बोलताना अंगठा खांद्यावरून मागे नेला. २००६ मध्ये नून्येस आणि स्वीटसर या दोन संशोधकांनी आयमारा माणसांच्या नेमक्या ह्याच हातवाऱ्यांवर लिहिलं होतं, ते मी परत आल्यावर वाचलं. घडून गेलेलं दिसतं, म्हणून ते समोर. येणारं दिसत नाही, म्हणून पाठीशी.

"आपलं उलट," हा म्हणाला. "मागच्या वर्षी, पुढच्या वर्षी."

मीही आधी हो म्हटलं. मग रात्री आठवलं. मागाहून. "मी येते मागाहून." मागाहून म्हणजे नंतर. जे अजून व्हायचंय ते मराठीतही कधीकधी पाठीमागूनच येतं.

शेवटच्या दिवशी लाल लाइनच्या रोपवेने वरच्या एल आल्तो शहराला निघालो. ला पाझची ही रोपवे म्हणजे तिथली लोकल. पाळण्यात समोरासमोर दोन बाकं. हा आधी चढला आणि वर जाणाऱ्या दिशेला तोंड करून बसला. मी नेहमीप्रमाणे शेवटी, तर माझ्या वाट्याला उलटी जागा आली. पाळणा सुटला. त्याच्यासमोर नुसता चढ, विटांची बिनगिलाव्याची घरं, तारांवर वाळत घातलेले कपडे. माझ्यासमोर खाली जाणारं स्मशान, त्यातल्या फुलांच्या खिडक्या, मग सगळं शहर वाडग्यासारखं, आणि त्याच्या काठावर हळूहळू वर येणारा इलिमानीचा बर्फाळ डोंगर.

त्याने मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. पण शेजारच्या टोपीवाल्या आजींनी बटाट्याचं बोचकं त्याच्या मांडीला टेकवून ठेवलं होतं आणि त्या डुलक्या घेत होत्या.

"तूच सांग," तो म्हणाला. "काय दिसतंय?"

मी सांगायला लागले. बर्फापासून सुरुवात केली.